पळसाच्या पानांचा द्रोण

बाळांनो, डोंगराकडच्या एका जंगलात एक साळू राहत असे. अंगभर काटे, पण मन लोण्यासारखं मऊ. तिथल्या मोठ्या वडाखाली दर पौर्णिमेला प्राण्यांचा बाजार भरे. साळू लहानपणी आईच्या मागे लुटुलुटु तिथे जाई. कोणी आवळे आणी, कोणी कंद, कोणी घरट्यासाठी कापूस, नुसता किलबिलाट! आता मात्र बाजाराला ससा आणि माकड एवढेच उरले होते, आणि दोघेही करवंदंच आणत. करवंदं द्यायची नि करवंदंच घ्यायची!

"मावशी, पुढच्या पौर्णिमेला मी काही येत नाही," ससा म्हणाला. "करवंदं काय, माझ्या दारातही आहेत." साळूच्या काळजात चर्र झालं. ससा गेला की बाजार मोडलाच. "बाजार पुन्हा भरेपर्यंत माझा आवडता कंद खाणार नाही," असा तिने सशादेखत नेम धरला आणि चार दिवस वडाला प्रदक्षिणा घातल्या. पाचव्या दिवशी वाटेत अस्वल भेटलं, पंजा चाटत बसलेलं.

"अस्वलदादा, बाजाराला का हो येत नाही?"

"निघतो गं मध घेऊन. पण वडापर्यंत पोचेस्तोवर सगळा गळतो. मग मीच चाटून टाकतो!"

साळूला हसू आलं, आणि आई आठवली. सणावारी आई अंगावरून गळलेले काटे टोचून पळसाची पानं जोडून द्रोण करत असे. साळूने तसाच द्रोण करायला घेतला. पहिला गळला, दुसरा फाटला. माकड फांदीवरून ओरडलं, "मावशी, पानं टाचून काय पोट भरतं?"

"पोटाचं राहू दे रे, आधी द्रोण भरू दे!" म्हणत तिने पानं दुहेरी घेतली, तेव्हा कुठे द्रोण टिकला.

पौर्णिमेला अस्वल साळूने दिलेला द्रोण भरून मध घेऊन आलं. वास सुटला तशी मधासाठी खार चारोळ्या घेऊन धावली, बुलबुल उंबरं घेऊन आला. अस्वलाला आणखी द्रोण हवे झाले, द्रोणांना पानं हवी झाली. मग शेंड्यावरची रुंद पानं तोडायला माकडच सरसर चढलं! सगळ्यांत शेवटी ससा आला, तोंडात कंद धरून. "करवंदं आज घरीच ठेवली, मावशी," तो म्हणाला. "हा घ्या, आणि नेम सोडा." साळूने वडाला नमस्कार करून कंद तोंडात घातला. बाजार आईच्या वेळचा नव्हता. पण किलबिलाट अगदी तोच होता.

तात्पर्य : एकाने धीर करून नवा उद्योग मांडला, की त्याच्या आधाराने दहाजणांचे उद्योग उभे राहतात आणि थांबलेला बाजार पुन्हा चालू लागतो.