येसूआक्काची सतफळी

खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात येसूआक्का नावाची एक बाई राहायची. तिच्या हातचं सरबत मिळावं म्हणून माणसं नसलेली नाती उकरून काढायची आणि लग्नाला हजर व्हायची. "मी कोण म्हणून काय विचारता? नवरीच्या आत्याच्या जावेचा माहेरचा शेजारी!" असं म्हणायचं आणि वाटी पुढे करायची.

हल्ली तुम्ही वाढदिवसाला काचेच्या मोठ्या भांड्यात फळांचे तुकडे तरंगवता आणि त्याला फ्रूट पंच म्हणता ना, त्याचीच ही पणजी समजा. गावात तिला सतफळी म्हणायचे. सात फळांचा रस, एक मोठा रांजण आणि येसूआक्काचा हात. त्यात नशेचा थेंब नसायचा, तरी पिणारा डोलायचा.

काय सांगू तिच्या हाताबद्दल! आधी आंबट, मग गोड, असा तिचा क्रम ठरलेला. रांजणाच्या तळाशी रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, लालभडक रस. त्यावर अननस, करवंदं, जांभळं. मग कलिंगड, "म्हणजे सगळ्यांची भांडणं मिटतात." आंबा घालायची तो रायवळ. हापूस कधीच नाही. "हापूस आला की तो बाकीच्यांना बोलू देत नाही," म्हणायची. सगळ्यात शेवटी काजूच्या बोंडांचा रस, आल्याचा ठेचा आणि चिमूटभर मीठ. मग करवंटीच्या पळीनं ढवळायचं आणि डोळे मिटून चाखायचं. ती चाखत असली की आसपासच्या बायकासुद्धा उगीच डोळे मिटायच्या.

फळ निवडण्यात तर ती अशी कडक, की एक नासकं जांभूळ दिसलं तर अख्खी टोपली पुन्हा पालथी घालायची. आणि सरबत ज्या दिवशीचं त्याच दिवशी करायचं, हा तिचा नियम. लग्न दुपारचं असो नाहीतर गोरज मुहूर्ताचं, सूर्य उगवल्यावरच ती फळाला हात लावायची.

पण बाई गुणी तशी गर्विष्ठही, हे सांगायलाच हवं. "माझ्या हातचं सरबत कधी उरलं नाही आणि कधी फसलं नाही," हे वाक्य ती नमस्कारासारखं येता-जाता म्हणायची. लोक हसायचे, पण खोटं आहे असं कुणी म्हणायचं नाही.

त्याच गावात एक नावाडी होता. माणूस सोन्यासारखा, पण दारूपायी पार धुळीला मिळालेला. होडी गेली, बायको झुरून गेली, आणि घरात राहिली एकटी लेक. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही शुद्धीवर असाल तरच मी बोहल्यावर चढेन. नाहीतर मला लग्नच नको."

त्या दिवसापासून नावाड्यानं दारू सोडली. सोडली म्हणजे काय, दातओठ खाऊन सोडली. हात थरथरायचे, रात्र रात्र झोप नाही, अंगाची लाही व्हायची. जुने सोबती हाका मारायचे, "अरे, एक घोट घे, काय होतंय?" तो म्हणायचा, "तुमचं काही होणार नाही रे. माझ्या पोटात एक घोट गेला की मी गेलो. मी मला ओळखतो." असं करत वर्ष गेलं. पोरगी पुन्हा हसायला लागली आणि लग्नाची तिथी धरली गेली.

नावाडी येसूआक्काच्या दारी आला. "आक्का, माझ्या पोरीच्या लग्नाला तुझी सतफळी हवी. वरपक्ष मोठा आहे. सगळ्या खाडीपट्ट्यातून माणसं येणार."

"येऊ देत की!" आक्का म्हणाली. "दादा, असं सरबत करते, की वऱ्हाड नवरीला विसरेल आणि मला घेऊन जाईल."

शेजारणी म्हणाल्या, "अगं, एवढ्या माणसांचं एका सकाळी होणार नाही. आम्ही येतो हाताखाली." पण नाही! आपल्या रांजणाला दुसऱ्याचा हात लागलेला तिला खपायचा नाही. नाव वाटून कसं घ्यायचं? म्हणून तिनं काय केलं, तर आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. आदल्या दिवशी सकाळीच फळं पिळायला बसली. रांजण गळ्यापर्यंत भरला, तोंडाला फडकं बांधलं आणि म्हणाली, "एका दिवसानं काय होतंय!"

वैशाखाचा उन्हाळा तो. त्यात काजूच्या बोंडांचा रस. ज्याला कळतं त्याला पुढचं सांगायला नकोच.

लग्नाच्या दिवशी मांडव फुलून गेला. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली. आता सतफळीची वेळ. त्या गावात एक रीत होती. पहिली वाटी नवऱ्या मुलाच्या आईनं सगळ्यांदेखत रांजणातून भरायची आणि नवरीच्या बापाच्या हातात द्यायची. त्यानं ती तळापर्यंत प्यायची, मगच बाकीच्यांच्या वाट्या भरायच्या. मुलगी दिली, मुलगी घेतली, मनात काही राहिलं नाही, असा त्याचा अर्थ.

नावाडी पाटावर बसला. अंगात नवा सदरा, डोक्याला फेटा, डोळे स्वच्छ. लेक बोहल्यावरून त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान मांडवभर दिसत होता.

येसूआक्कानं फडकं सोडलं. वर बारीक फेस आला होता.  तिनं पळी बुडवली, डोळे मिटून चाखलं आणि डोळे उघडलेच नाहीत बराच वेळ.

सरबत चढलं होतं, म्हणजे आंबून त्याची दारू झाली होती. आणि खरं सांगायचं तर, असं सरबत तिनं जन्मात केलं नव्हतं! जिभेवर नाचत होतं, नाकात सुगंध चढत होता, घशातून ऊब उतरत होती. शेजारी नवरदेवाचा मामा उभा होता, पिळदार मिशांचा. तो पुढे होऊन पळीतलं उरलेलं गट्कन प्यायला आणि मांडव दणाणेल असा ओरडला, "वा! आक्का, पाय कुठे आहेत तुमचे? अमृत आहे, अमृत! वाढा लवकर!"

सगळा मांडव पुढे सरसावला. आयुष्यभर जी वाहवा हवी होती, ती आज समोर हात जोडून उभी होती. ते चढलंय हे मामाला कळलं नव्हतं. लोकांना पहिल्या घोटात कळणार नव्हतं, आणि नंतर कळलं असतं तरी बहुतेकांनी तक्रार केली नसती. दोष कुणी दिला नसता. उलट नाव झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल, मग त्या एकट्या नावाड्याला दुसरं काही द्यायचं! अहो, कसं द्यायचं? सगळ्यांदेखत रांजणातलीच वाटी द्यायची रीत. त्याला वेगळं काढलं असतं, तर भर मांडवात त्याच्या कपाळावर 'दारुडा' असं लिहिल्यासारखंच झालं असतं. आणि कडेला पोरं वाट्या वाजवत बसली होती, त्यांचं काय?

विहीणबाईंनी रिकामी वाटी पुढे केली. "भरा हो येसूबाई. व्याही वाट बघताहेत."

येसूआक्कानं एकदा नावाड्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात रांजणाला लावले आणि सगळा जोर एकवटून तो आडवा केला.

भक्कन सगळा रस अंगणात सांडला. लालजांभळा लोट केळीच्या बुंध्यापर्यंत गेला.

"अहो बाई, डोकं फिरलंय का तुमचं?" मामा ओरडला. "अमृत ओतलंत मातीत!"

"सरबत बिघडलंय," आक्का म्हणाली. मान ताठ होती.

"बिघडलंय कसलं? मी स्वतः चाखलं!"

"मामा, मी बिघडलंय म्हणते ना. करणारी मी आहे. चूक माझी. आदल्या दिवशी करून ठेवलं, कुणाची मदत घेतली नाही. मिजास नडली."

एवढंच बोलली. बिघडलं म्हणजे नेमकं काय झालं आणि ते कुणासाठी ओतलं, ते तिनं ओठाबाहेर काढलं नाही. मग काय, लोकांना आयतंच सापडलं. "कधी फसलं नाही म्हणे!" "गर्वाचं घर खाली!" "एवढ्या लांबून आलो ते माती बघायला?" वरपक्षाकडची दोन माणसं तर रागानं उठून उभी राहिली. येसूआक्कानं सगळं ऐकून घेतलं. जिला कुणी अर्धा शब्द बोलायची हिंमत करत नव्हतं, ती खाली मान घालून पदर खोचत होती.

"थोडं थांबा," ती म्हणाली. "उपाशी घशानं कुणाला जाऊ देणार नाही." आणि शेजारणींकडे वळून हात जोडले, "बायांनो, या गं माझ्या हाताखाली. काल बोलवायला हवं होतं."

बायका कशाला मागे राहतायत! एकीनं विहिरीचं गार पाणी काढलं, एकीनं गूळ फोडला. परसातल्या झाडाची लिंबं पोरांनी ओरबाडून आणली. आल्याचा ठेचा, चिमूटभर मीठ. सात फळांचं वचन दिलेलं आणि हाती आलं एका लिंबाचं गूळपाणी. विहीणबाईंनी वाटी भरली आणि नावाड्याच्या हातात दिली.

नावाडी ती तळापर्यंत प्यायला. मग उठून उभा राहिला. 

"मंडळी," तो म्हणाला, "आक्काचं सरबत बिघडलं नव्हतं. चढलं होतं. फडकं सुटलं तेव्हाच मला इथपर्यंत वास आला. माझं नाक नाही ओळखणार तर कुणाचं?"

 मामाचा हात मिशीवरच राहिला.

"आणि खरं सांगतो, मला भीती नाही वाटली. मला आनंद झाला. म्हटलं, आज घरबसल्या मिळतेय. विहीणबाईंच्या हातून, रीतीनं, सगळ्यांसमोर. कोण बोल लावणार? मी हात पुढे करून बसलो होतो. पोरीकडे बघतसुद्धा नव्हतो." त्यानं बोहल्याकडे पाहिलं. "वर्षभर मी मला सांभाळलं, आणि आज एका वाटीसाठी सुटलो होतो. या बाईनं मला धरलं. तुमच्या शिव्या खाल्ल्या, पण माझं नाव घेतलं नाही."

लेक बोहल्यावरून खाली आली. बापाच्या हातातली वाटी तिनं काढून घेतली आणि त्याचा हात आपल्या हातात घट्ट धरून उभी राहिली. उठून उभी राहिलेली ती दोन माणसं हळूच खाली बसली. मामानं फेटा काढला आणि येसूआक्कापुढे वाकला.

विहीणबाई म्हणाल्या, "येसूबाई, पुढच्या साली माझ्या धाकट्याचं लग्न आहे. यावं लागेल."

 येसूआक्कानं पदरानं डोळे पुसले आणि मग एकदम फिस्कारली, "पुरे झालं! सगळेच रडायला लागलात तर गूळपाणी खारट होईल. वाट्या पुढे करा बघू!"

त्या दिवसानंतर येसूआक्काचं नाव आणखी दूर गेलं, पण वेगळ्याच कारणानं. खाडीपट्ट्यातल्या ज्या घरात कुणी नुकतीच दारू सोडलेली असायची, त्या घरचं पहिलं बोलावणं तिला यायचं. त्या घरच्या बायका तिच्या हातात फळांची टोपली द्यायच्या आणि म्हणायच्या, "आक्का, तुम्ही आहात ना, मग आज आम्ही निर्धास्त."

तात्पर्य एवढंच, मुलांनो: पाहुण्याच्या जिभेला आवडेल ते वाढणारे पुष्कळ भेटतात. त्याच्या जिवाला सोसेल तेच वाढायचं, आणि त्यासाठी हातातोंडाशी आलेली वाहवाही मातीत ओतायची, हा खरा पाहुणचार.