महाराजांचे घोडे नापास!

"सोमवारी शाळा उघडली नाही, तर पंतोजी हद्दपार!"

राजा भुजंगरावांची ही दवंडी चिंचखेडात पिटली गेली आणि दिनकर पंतोजी शाळेच्या ओट्यावर मटकन खाली बसले. साथ ओसरली, तशा दोन वर्षं बंद असलेल्या शाळा उघडायचा कायदा आला होता. त्यात वाईट काहीच नव्हतं. पोरं पाढे पार विसरून गेली होती. पण चिंचखेडच्या शाळेत महाराजांचे अकरा घोडे बांधलेले होते! साथीत राजधानीच्या पागेत गर्दी नको, म्हणून दिवाणजींनी ते इथं आणून ठेवले होते. वर हुकूम असा, की महाराजांखेरीज कुणी घोडे हलवले तर थेट तुरुंग.

"दिवाणजींना भेटलात का?" ठकूबाईनं विचारलं. शाळा झाडायची आणि घंटा वाजवायची, ही तिची नोकरी.

"तीनदा भेटलो! म्हणतात, दोन्ही हुकूम माझेच आहेत, दोन्ही पाळा!" पंतोजींना रडूच आलं. "या वयात गाव सोडून कुठं जाऊ गं?"

"रडता काय! तो कायदा वाचा बघू."

पंतोजींनी नाक पुसून वाचलं, "शाळेत असेल त्या प्रत्येकाचं नाव हजेरीपटावर घ्यावं. प्रत्येकानं जातीनं हजर राहावं. जो अभ्यासात कच्चा निघेल, त्याच्या पालकानं जातीनं शाळेत यावं. कुणालाही सूट नाही."

"कुणालाही?"

"कुणालाही."

"मग लिहा अकरा नावं," ठकूबाई म्हणाली, "आणि पालकांना चिठ्ठी धाडा!"

सोमवारी सकाळी घंटा झाली. पोरं अंगणात चिंचेखाली बसली, घोडे आत वर्गात. एवढ्यात धुरळा उडवत महाराज आले. मागे धापा टाकत दिवाणजी.

"माझ्या मोतीला ढ म्हणणारा कोण?" हातातली चिठ्ठी नाचवत महाराज गरजले.

पंतोजी ठकूबाईच्या मागे सरकले. ठकूबाई पदर खोचून पुढे झाली.

"मी, महाराज! दोन वर्षांत एक खाडा नाही, हजेरीला तोड नाही. पण अभ्यासाच्या नावानं बोंब!"

"खोटं! मोती फार हुशार आहे." महाराज हट्टाला पेटले. दारातूनच त्यांनी विचारलं, "मोती, सांग रे, बे दुणे?"

मोतीनं खूर आपटला. एक. दोन. तीन. चार! महाराजांनी मिशीला पीळ दिला. पाच. सहा. सात. मोती थांबायलाच तयार नाही! नवाला पोरं खिदळायला लागली. अकराला महाराजांची मिशी खाली आली.

"घरी अभ्यास घेतलेला दिसत नाही!" ठकूबाई म्हणाली.

"जीभ छाटा हिची!" दिवाणजी किंचाळले.

"थांबा हो! पालक मी आहे, तुम्ही नाही." महाराज ओशाळून ठकूबाईकडे वळले. "बाई, आता करायचं काय?"

"घरी न्या आणि पाढे पक्के करून घ्या. आम्ही नुसता कासरा सोडला तरी तुरुंग. तुम्हाला कोण अडवणार?"

महाराजांनी घोड्यांकडे पाहिलं, चिंचेखालच्या पोरांकडे पाहिलं, मग दिवाणजींकडे. आणि असे हसले, असे हसले, की फेटा सुटून गळ्यात आला!

"बाई, भलतीच बिलंदर आहेस!" त्यांनी अंगावरची जरीची शाल काढून ठकूबाईला पांघरली. मोतीचा कासरा स्वतःच्या हातानं सोडला. "आणखी काय हवं ते माग!"

"लीद काढायला एक माणूस द्या. दोन वर्षांची साठलीय."

"दिला! दिवाणजी, दोन्ही हुकूम तुमचेच ना? मग उचला फावडं!"

"मी, महाराज? मी गडी पाठवतो की..."

"छे छे! जातीनं हजर राहायचं. कुणालाही सूट नाही!"