ओताऱ्याचे दहावे बोट

एका राज्यात आणि त्याला लागून असलेल्या दुसऱ्या राज्यात मिळून खिंड एकच होती. त्या खिंडीत जकातनाका होता आणि नाक्याच्या खांबावर एक धनेश पक्षी बसत असे. इकडची गाडी तिकडे जावो की तिकडची इकडे येवो, धनेश विचारी, "कोणाच्या हातचं?" गाडीवान माल बनवणाऱ्याचे नाव सांगे. खोटे नाव सांगितले तर बैल जागचे हलत नसत.

पुढे दोन्ही राजे खिंडीत भेटले. त्यांनी एकमेकांना विडा दिला आणि डोंगरावरच्या मांत्रिकाला आज्ञा केली, "शेजाऱ्यांत जकात कसली? मालावर कसलंही ओझं राहू नये, असा करार लिही." मांत्रिकाने तसे ताम्रपटावर कोरले. राजांनी मुद्रा उमटवल्या, नाका मोडला, धनेश उडून गेला. दुसऱ्या दिवसापासून गाड्यांची रांग लागली.

लोक आनंदले, खोटे कशाला सांगा! पलीकडच्या घंटा इतक्या स्वस्त की जिच्याकडे एकुलती एक शेळी, त्या विधवेनेही शेळीच्या गळ्यात घंटा बांधली. फक्त त्या सगळ्या घंटांचा आवाज एकच होता. दिवेलागणीला कोणाची गाय कोणाच्या गोठ्यात शिरेल याचा नेम राहिला नाही.

अलीकडच्या गावात जिवा ओतारी होता. तो कासे ओतून घंटा करी. प्रत्येक घराच्या घंटेचा नाद वेगळा. आता त्याच्याकडे कोणी फिरकेना. भट्टी थंड झाली, आणि एके सकाळी त्याच्या डाव्या हाताची करंगळी दगडाची झाली. काळा दगड, त्यात पांढरी रेघ.

जिवाची बायको म्हाळसा बारीक नजरेची. ती उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या मोजू लागली. महिन्याभरात तिला हिशेब उमगला. खिंडीतून शंभर गाड्या गेल्या की एक बोट जाई. दहावे गेले की दगड छातीकडे चढतो, हेही तिला ठाऊक होते. पाठच्या गल्लीतला विणकर मागावर बसल्या बसल्या तसाच राहिला होता, आणि कावळे त्याच्या डोक्यावर बसत.

जिवाचे आठवे बोट गेले त्या दिवशी म्हाळसेने भाकरी बांधून घेतली. उरली होती उजव्या हाताची दोन बोटे, अंगठा आणि तर्जनी.

"अहो, दोनशे गाड्या उरल्या. मी खिंडीकडे जाते."

"दोनशे म्हणजे किती दिवस?"

"सणाचे दिवस आहेत. तीन धरा."

"मग त्याच्या आत ये," जिवा म्हणाला. "दगडाशी भांडण्यात तुला मजा वाटायची नाही."

ती हसली नाही. जिवाने शेवटची ओतलेली घंटा तिने गाईच्या गळ्यातून सोडून घेतली आणि ती घाट चढू लागली. गाडी दिसली की ती कडेला उभी राही आणि बोटांच्या पेरांवर मोजी.

बेचाळिसाव्या गाडीपाशी मोडका नाका आला. शेजारच्या उंबरावर धनेश बसला होता.

"पक्षीराजा, माझा नवरा दगड होतो आहे. करार कुठे आहे?"

"खिंडीच्या माथ्यावर, मांत्रिकाच्या गुहेत. तीन गोष्टी आणल्याशिवाय तो कोणाला दाखवत नाही. करारानं नेलं ते एक. करारानं दिलं ते दुसरं. डोंगराच्या दोन्ही बाजूंना सारखंच आहे ते तिसरं."

पहिली गोष्ट म्हाळसेच्या हातातच होती. उरलेल्या दोहोंसाठी ती खिंड ओलांडून पलीकडे उतरली. तिच्या मनात पक्के होते की पलीकडचे घंटावाले माडीत राहत असतील आणि हातावर हात ठेवून हसत असतील.

घंटांच्या गाड्या एका गळक्या छपरातून निघत होत्या. आत साळू नावाची बाई एकाच साच्यातून घंटेमागून घंटा काढीत होती. तिच्या दंडावर भाजल्याचे डाग होते. तेवढ्यात दारावरून शंभरावी गाडी गेली. म्हाळसेला कळले, अंगठा गेला. तिचा तोल सुटला.

"माझ्या नवऱ्याची बोटं खाणारी ती तूच का?"

साळूने सांडशी खाली ठेवली. "आत या, अक्का. मग तुम्हीच सांगा, माझ्या सासऱ्यांचे पाय कोणी खाल्ले?"

खाटेवर म्हातारा बसला होता. जन्मभर त्याने नाचणी पिकवली. अलीकडचा स्वस्त तांदूळ आला, नाचणी कोणी घेईना, आणि पावलांपासून गुडघ्यांपर्यंत तो दगडाचा झाला होता. काळा दगड, त्यात पांढरी रेघ.

"तुमच्याकडचा तांदूळ चांगला असतो हो," म्हातारा म्हणाला. "वाईट म्हणता येत नाही, हीच पंचाईत."

म्हाळसा खाटेपाशी बसली. साळूने तिच्यापुढे भात वाढला. "पूर्वी आमच्यात सणाला शिजायचा. घंटांचं काम मिळालं तेव्हापासून रोज शिजतो."

म्हाळसेने त्यातला मूठभर पदराच्या गाठीत बांधला. मग त्याच पदराने म्हाताऱ्याचे पाऊल पुसले. घरी रोज जिवाची बोटे पुसून त्या पदराला दगडाची धूळ बसलेली होतीच. नवी धूळ कोणती, जुनी कोणती, तिलाच ओळखता येईना.

"मीही येते," साळू म्हणाली. "अजून यांच्या मांड्या शाबूत आहेत."

दुसऱ्या दिवशी दोघी गुहेत पोचल्या तेव्हा एकशे त्र्याऐंशी गाड्या झाल्या होत्या. मांत्रिकाने घंटा वाजवून पाहिली, भात हुंगला, पदराची धूळ चिमटीत घेतली आणि मान डोलावली.

"महाराज, आम्हांला हा शाप का दिलात?" म्हाळसेने विचारले.

"मी शाप दिला नाही. मालावर ओझं नको, असं राजे म्हणाले. बनवणाऱ्याचं नाव हेही ओझंच होतं, म्हणून तेही काढलं. काढलेलं ओझं कुठेतरी पडायचंच. ते माणसांवर पडलं." त्याने तिच्या हाती हातोडा दिला. "एक घाव घाल, ताम्रपट फुटेल. खिंड बंद होईल, नवऱ्याची सगळी बोटं या क्षणी परत येतील."

म्हाळसेने हातोडा उचलला. साळूने दंडावरचे डाग पदराखाली झाकले. "सासरे चालू लागतील," ती हळूच म्हणाली. "चुलीचं पुढे बघू."

बाहेर एकशे पंच्याऐंशीवी गाडी खडखडत गेली.

म्हाळसेची नजर ताम्रपटावर गेली. शेवटची ओळ आणि मुद्रा यांच्यामध्ये एका ओळीची जागा कोरी होती.

"ही जागा कशाला?"

"मी मुद्दाम ठेवली. पाच वर्षांत कोणी विचारलं नाही. मुद्रेच्या वर जे कोरलं जाईल ते दोन्ही राजांना बांधील. पण दोन्ही बाजूंचा हात लागेल, आणि वेळही लागेल. कोरण्याआधी गेलेलं परत येईल. कोरता कोरता जे जाईल, ते मात्र नाही."

म्हाळसेने पंधरा गाड्यांचा हिशेब मनात केला.

"साळू, छिन्नी धर," ती म्हणाली.

साळूने छिन्नी धरली, म्हाळसेने घाव घातले. एक अक्षर, एक गाडी. "हळू, अक्का, माझं बोट जाईल!" "तुझं एक गेलं तर निदान बरोबरी होईल!" दोघी रडत रडत हसल्या. दोनशेवी गाडी गेली तेव्हा पाच अक्षरे राहिली होती. म्हाळसेने डोळे मिटले नाहीत, घाव चुकू दिला नाही.

ओळ पुरी झाली: माल मोकळा जावा, पण कोणाच्या हातचा ते सांगून जावा.

त्या क्षणी मोडक्या खांबावरून धनेशाचा आवाज आला, "कोणाच्या हातचं?" दोनशे सहाव्या गाडीचे बैल जागीच थबकले. गाडीवानाला नाव ठाऊक नव्हते. तो विचारायला उलट पावली साळूच्या गावाकडे पळाला.

विणकर मागावरून उठला आणि आधी त्याने कावळ्यांना शिव्या घातल्या. म्हातारा नाचणीच्या शेतात चालत गेला. त्याच्या मांडीवर बोटभर दगडाची पट्टी मात्र राहिली. विधवेच्या शेळीच्या गळ्यात साळूचीच घंटा राहिली, पण आता ती साळूची म्हणून ओळखली जाई. ज्याला आपल्या गाईचा वेगळा नाद हवा, तो जिवाकडे येई. गाड्या येत राहिल्या, जातही राहिल्या.

जिवाची नऊ बोटे परत आली. उजव्या हाताची तर्जनी दगडाचीच राहिली.

आजही तो नवी घंटा ओतली की हातोडी शोधत बसत नाही. त्या बोटाने घंटेवर एकदा टिचकी मारतो, कान देतो आणि आत हाक घालतो, "अगं, ऐकलंस का?"

म्हाळसा उंबऱ्यातून म्हणते, "ऐकलं. तुमच्याच हातची."