सातव्या पानाचं तूप

माळगडचा राजा रणधवल दहा हजारांची फौज घेऊन शेजारच्या निवळीत घुसला, आणि वर म्हणतो कसा, आम्ही नुसते खुशाली विचारायला आलोय. खुशाली विचारायला दहा हजार माणसं लागतात होय? निवळीचं राज्य ते केवढं, सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पलीकडे पोचेल एवढं. तिथला राजा सोमदेव गढीचे दरवाजे लावून आत बसला, आणि बाहेर रणधवलाच्या शिपायांनी लोकांच्या भातशेतांत तंबू ठोकले.

आजूबाजूच्या पाच राजांना हे मुळीच आवडलं नाही. त्यांचा म्होरक्या अंबरगडचा विक्रांतसेन. सोमदेव त्याचा सख्खा चुलतभाऊ. त्याने रणधवलाला खलिता धाडला, 'आम्हांस चिंता वाटते.' मग दुसरा, 'तीव्र चिंता वाटते.' मग 'अतितीव्र'. एकविसाव्या खलित्याला कारकुनाकडची विशेषणं संपली. रणधवलाचं उत्तर आलं की कागद झकास आहे, छावणीतल्या चुली चांगल्या पेटतात, आणखी पाठवा.

विक्रांतसेनाच्या वाड्यात येसू नावाची बाई होती. राजाच्या पंगतीचं पाटपाणी मांडायचं, रांगोळी काढायची, वाढायचं, हे तिचं काम. तिचं माहेर निवळीचं. म्हातारी आई तिथे एकटी, आणि आईच्या शेतातच तंबू पडलेले. तीन आठवडे निरोप नाही. येसूचा जीव टांगणीला लागला होता. त्यात बाविसावा खलिता लिहायला घेतलेला पाहून ती पुटपुटली, एवढी शाई निवळीच्या आडात ओतली असती तर आड काठोकाठ भरला असता.

राजाचे कान भलतेच तिखट. तो चिडला आणि म्हणाला, "मग तूच हाकल त्याला! तलवार उपसायची नाही, दमडी खर्चायची नाही, पाहुण्याला वाकडा शब्द बोलायचा नाही. उद्याची पंगत उठायच्या आत फौज परत गेली पाहिजे. नाही गेली, तर तू हे राज्य सोडायचंस."

उद्याची पंगत म्हणजे श्रावणातली सात राजांची पंगत. दरवर्षी अंबरगडला व्हायची. आमंत्रणं फौज घुसायच्या आधीच गेली होती, त्यामुळे रणधवलही येणार होता. शिवाय संध्याकाळी त्याच्या मुलीचा विक्रांतसेनाच्या मुलाशी साखरपुडा ठरलेला. येसूने एवढंच मागितलं की उद्या पंगतीत कुणी मध्ये बोलायचं नाही, महाराजांनीसुद्धा. राजाने शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सात पाट, सात पानं मांडली गेली. मसालेभात, अळूचं फदफदं, जिलबी, वरणभाताची मूद. सगळं वाढून झालं. आता मुदीवर तूप पडलं की श्लोक म्हणायचा आणि जेवायचं. तुपाशिवाय घास घ्यायचा नाही, ही तिथली रीत. सहा राजे मुदीकडे बघत बसले. येसू मात्र तुपाची वाटी आणि पळी घेऊन उभी ती उभीच.

"वाढा की बाई," रणधवल म्हणाला.

"वाढते महाराज. सातव्या पानावरचे यायचेत अजून."

रणधवल हसला. म्हणाला, सोमदेव कसला येतोय, त्याच्या दाराबाहेर माझा पहारा आहे. उचला ते पान.

येसू हळूच म्हणाली, "मांडलेलं पान जेवणाआधी उचलतात, ते माणूस गेला तर. सोमदेव महाराज गेले का? तसं सांगा. म्हणजे आमच्या महाराजांना सुतक, आणि संध्याकाळचा साखरपुडाही राहिला."

रणधवलाचं हसू मावळलं. गेला म्हणावं तर सोयरीक मोडते. उठून जावं तर त्याच्यामागे सगळी पंगत उठते आणि होणारे व्याही उपाशी राहतात. जिलबी मऊ पडू लागली. विक्रांतसेनाने दोनदा तोंड उघडलं आणि दिलेला शब्द आठवून मिटलं. कोपऱ्यातला म्हातारा राजा केशवसेन शेवटी कळवळला, "रणधवलराव, मला पित्ताचा त्रास आहे हो! बोलवा त्याला एकदाचा."

रणधवलाने स्वार पिटाळला, पहारा उठवा आणि सोमदेवाला आणा. निवळीची गढी जवळच होती; तासाभराने स्वार एकटाच परत आला. सोमदेवाचा निरोप होता, घरात परकी माणसं शिरलेली असताना घर टाकून जेवायला कोण येतं? ती आधी जाऊ देत.

आता पाचही राजे रणधवलाकडे बघायला लागले. एकवीस खलित्यांत मिळून नव्हता एवढा राग त्या पाच उपाशी तोंडांवर होता. रणधवलाने घाम पुसला आणि हुकूम लिहून दिला. दुपार कलली तेव्हा फौज परतल्याचं शिंग दुरून ऐकू आलं. येसूचे डोळे भरून आले, पण पळी हलली नाही. सोमदेव आला, पाटावर बसला, आणि मग तिने पहिलं तूप त्याच्या पानावर वाढलं. सहा राजे तुटून पडले.

चार घास पोटात गेल्यावर विक्रांतसेनाने विचारलं, "येसू, माझ्या एकवीस खलित्यांनी झालं नाही ते तुझ्या एका पळीने कसं झालं गं?"

"महाराज, प्रत्येक खलिता लिहून झाला की तुम्ही पोटभर जेवत होतात. आज पहिल्यांदाच निवळीपायी तुमचं जेवण अडलं."

विक्रांतसेन जो हसत सुटला, तो ठसका लागेपर्यंत हसला, आणि म्हणाला, माग काय हवं ते. येसू म्हणाली, आईचं तुडवलेलं शेत पुन्हा लावून हवंय. ज्यांनी तुडवलं त्यांनीच लावावं.

रणधवलाकडे नाही म्हणायची सोय नव्हती, जिलबीचा दुसरा फेरा अजून यायचा होता. आठवड्याभरात त्याचे शंभर शिपाई निवळीत परत आले, हत्यारं घरी ठेवून. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावताना बांधावरून येसूची आई त्यांना ओरडत होती, "अरे, ओळ सरळ धरा!"