चौदा वेळा उघडलेली मेल

एकदा एका शिष्येला आपण गुरूंच्या मनातून उतरलो, असे वाटू लागले. आणि त्याचा पुरावा तिला रोज संगणकावर दिसत होता.

शाल्मली तिचे नाव. वाईच्या त्र्यंबकशास्त्रींकडे ती संस्कृत व्याकरण शिकली. पुढे नोकरीसाठी हैदराबादला गेली, तरी एका जुन्या हस्तलिखित पोथीच्या संपादनाचे काम गुरुजींनी तिच्याकडेच सोपवले. त्यांचे डोळे अधू झाले होते, आणि ते काम आपल्या हयातीत व्हावे, एवढी एकच इच्छा उरली होती.

श्रावणात तिने त्यांना लांबलचक मेल लिहिली. हे काम आता माझ्याने होणार नाही, असे तिला कळवायचे होते. शेवटची ओळ होती, ‘गुरुजी, रागावलात का?’

पाठवलेली मेल समोरच्याने किती वेळा उघडली, हे दाखवणारी सोय तिच्याकडे होती. पहिल्याच दिवशी दोनदा उघडलेली दिसली. पंधरवडा उलटेपर्यंत चौदा वेळा. उत्तर मात्र आले नाही. भाजी फोडणीला टाकताना, मीटिंग चालू असताना ती तो आकडा पुन्हा पुन्हा पाही. फोन करण्याचा धीर होईना. त्यांचा राग कानांनी ऐकण्यापेक्षा आकडा पाहणे सोपे होते.

शेवटी न राहवून ती वाईला गेली. गुरुजी ओसरीवर बसले होते. ती पाया पडताच म्हणाले, “बरे झाले आलीस. तुझी मेल मला मोठ्याने वाचून दाखव.”

“अहो, चौदा वेळा उघडलीत ना तुम्ही?”

“हेही कळते का तुला? असू दे. वाच.”

आपलेच शब्द आपल्या तोंडून वदवून घेण्याची ही शिक्षा असावी, असे तिला वाटले. ती वाचू लागली. सहाव्या ओळीला गुरुजींनी हात वर केला आणि उठून आत गेले. परतले तेव्हा ते पंचाने ओला चेहरा पुसत होते.

“हं, पुढे.”

तिने शेवटपर्यंत वाचले.

गुरुजी म्हणाले, “ती सहावी ओळ. ‘माझ्या लेकीला, जुईला ऐकू येत नाही, हे परवा तपासणीत नक्की झाले.’ चौदाही वेळा मी तिथेच थांबलो. पुढे जाववेना गं. शेवटी तू मला काही विचारले आहेस, हे आज कळले. मेल उघडली, एवढे यंत्राने खरेच सांगितले. पण माणूस कोणत्या ओळीत अडकला, हे त्याला कुठून कळणार? ते माणसालाच विचारावे लागते. तू फोन करायला हवा होतास. मी तर करायलाच हवा होता. माझी चूक मोठी.”

“आणि पोथी, गुरुजी?”

“ती दोनशे वर्षे थांबली आहे, आणखी थांबेल. लेकरू थांबत नाही.”

शाल्मलीने त्यांच्या पायांवर डोके टेकले.

थोड्या वेळाने गुरुजींनी विचारले, “जुई इथे आली, तर तिला ‘ये, बस माझ्याजवळ’ असे हातांनी कसे सांगू?”

शाल्मली स्वतःही अजून शिकतच होती. तिने सावकाश खूण करून दाखवली. गुरुजींनी तशीच करून पाहिली.

“चुकलं,” डोळे पुसत ती म्हणाली, “पुन्हा.”

गुरुजींनी निमूटपणे पुन्हा हात उचलला.