अनुभवाचा रकाना

एकदा एका पेटीकाराच्या दुकानात त्यांची शिष्या दोन अर्ज पुढ्यात मांडून बसली होती. पेटीकार म्हणजे हार्मोनियम घडवणारे वृद्ध कारागीर. गाव त्यांना मास्तर म्हणे. शिष्येचं नाव हेमांगी. नऊ वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती आणि आता तिला परदेशी जाऊन तिथंच स्थायिक व्हायचं होतं. तिकडच्या एका जुन्या वाद्यशाळेला अकॉर्डियन दुरुस्त करणारं माणूस हवं होतं. अकॉर्डियन काय आणि पेटी काय, आत सूर म्हणजे धातूच्या पातळ जिभा आणि बाहेर भाता. दोघांचं गोत्र एकच.

पहिला अर्ज त्या कामाचा. दुसरा शिक्षणाचा, ‘आतिथ्य व्यवस्थापन’ नावाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा. आता ज्या मुलीला दारी आलेल्या गिऱ्हाइकाला पाणी विचारायचंही भान नसे, तिनं आतिथ्य शिकायचं म्हणजे कमालच. पण तिचाही नाइलाज होता. शहरातल्या सल्लागारानं कामाचा अर्ज वाचून मान हलवली होती, कारण अनुभवाच्या रकान्यात तिनं स्वतःच्या हातानं ‘शून्य’ लिहिलं होतं. अनुभव नसेल तर कामाची वाट बंद, असं तो म्हणाला. विद्यार्थिनी म्हणून आत शिरा, पुढचं पुढे पाहू. बिचाऱ्यानं जे लिहिलं होतं तेच वाचलं, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

वाद्यशाळा सोमवारपर्यंत थांबणार होती आणि हा शनिवार होता. शिक्षणाच्या वाटेनं गेलं तर दोन वर्षं पितळेला हात लागायचा नाही आणि ती जागाही दुसऱ्या कुणाची होऊन जायची. कुठल्या अर्जावर सही करू, असं तिनं मास्तरांना विचारलं आणि विचारता विचारता तिला रडू आलं.

मास्तरांनी चष्मा लावून दोन्ही अर्ज सावकाश वाचले. त्या शून्यापाशी ते जरा रेंगाळले आणि मिशीतल्या मिशीत हसले. मग त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. चाळीस वर्षं ज्या बैठकीवर त्यांच्याशिवाय कुणी बसलं नव्हतं, तिथून ते उठले, हेमांगीला तिथं बसवलं आणि स्वतः दाराजवळच्या तिच्या चटईवर मांडी घालून बसले. ती संकोचानं अर्धी झाली. पण गुरूची आज्ञा मोडायची कशी, म्हणून अंग चोरून बसून राहिली.

तेवढ्यात गुळाचे एक व्यापारी पेटी घेऊन आले. संध्याकाळी लेकीचा साखरपुडा, घरात गाणं ठरलेलं आणि नेमका पेटीचा कोमल गंधार उतरलेला. ते सवयीनं मास्तरांकडे वळले, तर मास्तर अदबीनं उभे राहिले.

“मी इथं शिकतो,” ते म्हणाले. “त्यांना दाखवा.”

व्यापाऱ्यांनी एकदा मास्तरांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं, एकदा त्या पोरीकडे. वय झालं की माणसाचं असं होतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली असावी. त्यांनी निमूटपणे पेटी हेमांगीपुढे ठेवली.

आता गंमत पाहा. पेटीचं झाकण उघडलं आणि हेमांगीचा संकोच कुठल्या कुठे गेला. सोमवार गेला, अर्ज गेले. नेमक्या सुराशी हात गेला, कानस आली, पितळेच्या जिभेच्या टोकावरून ती दोनदा हलकेच फिरली आणि सूर चढून जागेवर आला. व्यापाऱ्यांनी वाजवून पाहिलं, आनंदानं एक ओळ गाऊनही पाहिली. गळा यथातथाच होता, पण गंधार लख्ख लागला. तरी जाता जाता त्यांनी मास्तरांना विचारलंच, एकदा तुम्हीही बघता का म्हणून. मला इतकं बारीक अजून कळत नाही, असं मास्तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. मग व्यापाऱ्यांनी गाडीतून गुळाची छोटी ढेप आणून थेट बैठकीपुढे ठेवली आणि “येतो, मास्तरीणबाई,” म्हणून ते निघून गेले.

ते गेल्यावर मास्तरांनी विचारलं, “शून्य का लिहिलंस गं?”

“मी अजून शिकतेय ना,” ती म्हणाली.

त्या दुकानाची रीतच तशी होती. गुरू बैठकीवर असेपर्यंत शिष्यानं स्वतःला कारागीर म्हणवून घ्यायचं नाही. कुणी विचारलं तर ‘शिकतोय’ म्हणायचं. स्वतः मास्तरांनीही पंचवीस वर्षं हेच उत्तर दिलं होतं.

“अगं, ते गुरूला सांगायचं असतं, सरकारला नव्हे,” मास्तर म्हणाले. “माणसाला आपली नम्रता कळते. रकान्याला ती कळत नाही, तो लिहिलं तेवढंच वाचतो. शिकायला जाणंही चांगलंच. ज्याला खरोखर काही शिकायचंय, ज्याचा हात अजून कशावर बसायचाय, त्यानं जरूर त्या वाटेनं जावं. पण तुझा हात बसलाय. परक्या मुलखात बस्तान बसवायचं तर बसलेला हात पुढे करून जावं, पाठीमागे लपवून नव्हे. नको असलेलं शिकण्याचं सोंग घेऊन गेलीस, तर तिथं राहशील तू, पण तुझं म्हणून तिथं काय असेल?”

हेमांगी डोळे पुसत हसली. तिनं नवा अर्ज काढला आणि बैठकीवरून न उठताच अनुभवाच्या रकान्यात ‘नऊ वर्षं’ लिहिलं. मास्तरांनी सोबत आपल्या वळणदार अक्षरात दाखला लिहून दिला. नंतर दोघांनी गूळ फोडून खाल्ला.

सहा महिन्यांनी तिचा तिकडून पहिला फोन आला. जागा तिलाच मिळाली होती, आणि वाद्यशाळेतले लोक आता अवघड सूर तिच्यासाठी राखून ठेवत होते. काम कसं चाललंय, असं मास्तरांनी विचारलं.

“शिकतेय, मास्तर,” हेमांगी म्हणाली.

मास्तरांनी खुशीत मान हलवली आणि फोन कानाशी धरूनच ते आपल्या बैठकीवर जाऊन बसले.