अस्वलवैद्याचं दार

फार जुनी गोष्ट. तेव्हा जनावरं आपल्यापेक्षा शहाणी होती म्हणे! सिंहमहाराजांनी हुकूम काढला की रोगी बरा झाला तर वैद्याला मधाचं पोळं, दगावला तर वैद्याचं एक नख उपटायचं. झालं! अस्वलवैद्य नुसते शिंकणारे ससे तपासू लागला.

एकदा हरिणी साप चावलेलं पाडस घेऊन धावत आली. पाडसाच्या तोंडाला फेस आला होता. अस्वलाने दार ओढून घेतलं.

"बाई, हे गेलं तर माझं नख जाईल!"

"वैद्यबुवा, गेलं तर कड्यावरून पडलं म्हणेन, तुमचं नाव घेणार नाही. पण विषावरची मुळी उगाळा हो!"

अस्वलाने दार उघडलं, मुळी उगाळून पाजली. शेवटी पाडसाने डोळे उघडले.

तसा अस्वलवैद्य टुणकन उठला. "बाई, आता मात्र महाराजांना माझंच नाव सांगा हं!"